व्हेंटिलेटर (मराठी चित्रपट)

व्हेंटिलेटर हा राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट असून तो ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. प्रियांका चोप्रा यांच्या पर्पल पेबल पिक्चर्स या संस्थेने निर्मिलेला हा पहिला मराठी चित्रपट होय. फेरारी की सवारी (२०१२) या हिंदी चित्रपटानंतर मापुसकरांनी मराठीत केलेले हे पहिलेच दिग्दर्शन.

कथानक

गणेशोत्सव अवघ्या काही दिवसांवर आला असताना कामेरकर कुटुंबातील ज्येष्ठ गजानन ऊर्फ गजूकाका बेशुद्धावस्थेत जातात. मुंबईतील रुग्णालयात त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले जाते. वार्ता पसरताच शहरातील व कोकणातील आप्त तेथे जमू लागतात आणि अतिदक्षता विभागाबाहेरची जागा घराच्या पडवीसारखी गजबजते. जुने हेवेदावे, मानपान, उसनी सहानुभूती, राजकारण आणि खाणेपिणे असे सारे तेथे एकाच वेळी चालू असते.

या गोंधळामागे एक खरी अडचण आहे. भावकीत मृत्यू झाल्यास रूढीनुसार सुमारे दहा दिवसांचे सुतक पाळले जाते व त्या काळात घरात गणपती बसवीत नाहीत. कोकणातल्या घराला वर्षातून एकदा एकत्र आणणारा हा सण टळू नये, ही इच्छा आणि काकांविषयीची माया यांची सरमिसळ होते. चित्रपटातील विनोद येथूनच येतो. नातेवाईक हास्यास्पद वाटतात, परंतु दुष्ट कोणीच नाही.

श्वसनयंत्र काढावे की ठेवावे, हा निर्णय मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) याच्यापुढे येतो. वडिलांशी त्याचे फारसे पटलेले नसते. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) हा चित्रपट दिग्दर्शक. त्याचे व त्याचे वडील भाऊ (सतीश आळेकर) यांचे नातेही अबोल्याचे. सुकन्या कुलकर्णी-मोने, उषा नाडकर्णी आदींच्याही भूमिका आहेत. शंभराहून अधिक पात्रांमुळे आरंभी कोण कोणाचा कोण हे ध्यानात ठेवणे कठीण जाते. अर्थात मोठ्या कुटुंबातील लग्नकार्यातही तसेच होते.

कायदेशीर संदर्भ

जीवरक्षक उपचार थांबवण्याचा प्रश्न भारतात अरुणा शानबाग प्रकरणामुळे चर्चेत आला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल देताना उच्च न्यायालयाच्या संमतीने असे उपचार थांबवता येतील, असे म्हटले. रुग्णाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्रास मान्यता मात्र चित्रपटानंतर, मार्च २०१८ मध्ये मिळाली.

पुरस्कार व पुनर्निर्मिती

६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मापुसकर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. रामेश्वर भगत यांना संकलनासाठी व आलोक डे यांना ध्वनिमिश्रणासाठी गौरविण्यात आले. २०१८ मध्ये याच नावाने गुजराती आवृत्ती निघाली. जॅकी श्रॉफ यांचा तो पहिला गुजराती चित्रपट ठरला.