कर्त्यावाचून जग

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत बाजारपेठ, कर आणि पेढीची शिस्त यांवरील लेख वाचावयाची आपणांस सवय आहे. यंदा आम्ही वाचकांपुढे थोडा निराळा विषय ठेवीत आहोत. तो तत्त्वज्ञानाचा असला तरी पेढीशी त्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये. जगाचा कोणी कर्ता आहे काय, हा तो प्रश्न होय. आणि कर्ता नसेल तर आपला हिशेब कोणापाशी द्यावयाचा, हा त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न पंडितांवर सोपविता येईल. दुसरा व्यापाऱ्यास टाळता येत नाही.

हा विषय आताच मांडण्यास कारण आहे. आपल्या घरची मुले महाविद्यालयात जातात आणि तेथे त्यांस सहज विचारले जाते, "तुम्ही देव मानता की नाही?" होय म्हणावे तर ज्या तीर्थंकरांस ती नमस्कार करतात त्यांनी जग निर्माण केले नाही, हे त्यांस ठाऊक असते. नाही म्हणावे तर 'नास्तिक' हा शिक्का कपाळी बसतो. घरी येऊन वडिलांस विचारावे तर वडील दिवसातून दहा वेळा "देवाच्या मनात असेल तसे होईल" असे म्हणणारे! मुलांच्या या गोंधळास उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे, आणि पूर्वाचार्यांनी त्या उत्तराची सामग्री हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेविली आहे.

नास्तिक कोण?

प्रथम शब्दाचा निवाडा करू. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक म्हटले आहे. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावताना काशिकावृत्तीने परलोक मानणारा तो आस्तिक व न मानणारा तो नास्तिक, असा भेद केला आहे. पहिल्या अर्थाने जैन नास्तिक ठरतील, दुसऱ्या अर्थाने पुरते आस्तिक ठरतील. पण जगत्कर्ता ईश्वर मानणे वा न मानणे, ही कसोटी या दोहोंतही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि ती असती तर मोठीच पंचाईत झाली असती. वेदांचे कडवे अभिमानी मीमांसक कुमारिल भट्ट यांनी आपल्या श्लोकवार्तिकात जगत्कर्त्याचे खंडन केले आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेने प्रकृती आणि पुरुष या दोन तत्त्वांवर सर्व जगाचा उलगडा केला. तीत ईश्वराची गरज भासली नाही. त्यांस कोणी नास्तिक म्हणत नाही. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींनी षड्दर्शनसमुच्चयात बौद्ध व जैन या दर्शनांचीही गणना आस्तिकवाद्यांत केली आणि लोकायतांचा, म्हणजे चार्वाकांचा, विचार निराळा मांडला. म्हणून मुलांनी या शब्दास भिण्याचे कारण नाही. जैन दर्शन कर्मबंधातून मुक्त झालेल्या परमात्म्यास मानते, मात्र जग घडविणाऱ्या व चालविणाऱ्या ईश्वरास मानीत नाही. हा भेद त्यांस स्पष्ट सांगता आला पाहिजे.

ईश्वरवाद्यांची बाजू

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नीट मांडावे आणि मगच उत्तर द्यावे, ही आपल्या देशातील वादपद्धती आहे. न्यायदर्शनाचे म्हणणे असे : घट हे कार्य आहे व त्यास बुद्धिमान कर्ता आहे; पट हे कार्य आहे व त्यासही कर्ता आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हेही अवयवांनी घडलेले असल्यामुळे कार्यच होत. म्हणून त्यांसही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. इतक्या अफाट कार्याची सामग्री ज्यास ठाऊक असेल तो सर्वज्ञच असणार. दुसरे असे की, कर्म जड आहे. जड वस्तू आपण होऊन कोणास न्याय देऊ शकत नाही. म्हणून कर्माचे फळ वाटणारा कोणी चेतन अधिष्ठाता मानावा लागतो. मिथिलेचे उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात अशा युक्तिवादांची जी बांधणी केली आहे, तिला तोड नाही. ही बाजू दुबळी आहे असे समजून तिला उत्तर देऊ पाहणारा फसेल.

जिनसेनाचार्यांचे प्रश्न

या वादात दक्षिणेचा वाटा मोठा आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांस गुरुस्थानी असलेल्या जिनसेनाचार्यांनी शके ७५९, म्हणजे इसवी सन ८३७ मध्ये, आपले गुरू वीरसेन यांची अपुरी राहिलेली जयधवला टीका पूर्ण केली. त्यांचे आदिपुराण मात्र त्यांच्या हातून अपुरे राहिले व शिष्य गुणभद्र यांनी ते पुरे केले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, आमच्या बेळगाव, सोलापूर व हैदराबादच्या सभासदांस परकी नाही. आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात जिनसेनांनी सृष्टिकर्त्याच्या कल्पनेस एकामागून एक प्रश्न घातले आहेत. १९८० साली अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या 'कॉसमॉस' या ग्रंथात त्यांतील उतारा दिला, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांस या विचाराची ओळख झाली.

त्या प्रश्नांचा मतितार्थ आपल्या भाषेत असा सांगता येईल. जग निर्माण होण्यापूर्वी कर्ता कोठे होता? राहण्यास जागा होती म्हणावे तर जगाचा काही भाग आधीच होता. त्याने कच्चा माल कोठून आणला? माल आधीपासून होता म्हणावे, तर जो माल अनादी असू शकतो, त्यापासून बनलेले जगच अनादी मानण्यास हरकत कोणती? माल त्यानेच केला म्हणावे, तर तो कशापासून केला, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आणि प्रत्येक वस्तूस कर्ता हवाच असेल, तर कर्त्यासही कर्ता हवा. कर्ता स्वयंसिद्ध चालतो असे म्हणावे, तर जग स्वयंसिद्ध का चालू नये? जमाखर्चात एका रकमेस पुराव्याची पावती मागावयाची आणि दुसरीस सूट द्यावयाची, हा व्यवहार कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही.

पुढचा प्रश्न हेतूचा. कर्ता परिपूर्ण असेल, तर त्यास करण्याजोगे काही उरले नाही. इच्छा ही उणिवेची खूण आहे. केवळ लीला म्हणून केले म्हणावे, तर इतक्या जीवांच्या यातना हा खेळ ठरतो. दयेने केले म्हणावे, तर कुमारिलांनी विचारल्याप्रमाणे सृष्टीपूर्वी दया करण्याजोगा दुःखी जीव तरी कोण होता?

या शेवटच्या ठिकाणी ईश्वरवादी म्हणतात की, दुःख ईश्वर देत नाही. तो जीवाच्या कर्माप्रमाणे फळ देतो. उत्तर चांगले आहे, परंतु त्याने ईश्वराचे ऐश्वर्यच जाते. खतावणीतील आकडे आधीच ठरलेले असून मुनिमाने ते केवळ उतरवून घ्यावयाचे असतील, तर मुनीम मालक नव्हे. त्याच्या इच्छेने पैचाही फरक पडत नाही. उलट तो आकडे बदलू शकत असेल, तर ज्याने नवस केला त्याचे कर्ज माफ आणि ज्याने केला नाही त्याची जप्ती, अशी पेढी न्यायाची म्हणता येणार नाही.

घटावरून कुंभारापर्यंत

आता घटाच्या दृष्टान्ताकडे वळू. घटावरून जो कर्ता सिद्ध होतो तो हातपाय असलेला, चाक व माती यांवर अवलंबून असलेला आणि अल्पज्ञ असा कुंभार होय. अशरीरी, सर्वज्ञ, एकमेव ईश्वर त्या दृष्टान्तातून निघत नाही. तो बाहेरून आणून ठेवावा लागतो. शिवाय रानात उगवणाऱ्या गवतास कोणी कर्ता दिसत नाही. त्यासही ईश्वरच कर्ता आहे असे म्हणणे, म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच पुराव्यात दाखल करणे होय.

कर्ता एकच कशावरून, हाही प्रश्न आहे. शके १२१४ मध्ये मल्लिषेणसूरींनी हेमचंद्राचार्यांच्या बत्तीस श्लोकांवर स्याद्वादमंजरी ही टीका लिहिली. तीत त्यांनी दाखविले आहे की, मोहोळ एकसारखे दिसले तरी ते पुष्कळ मधमाश्यांचे काम असते, आणि प्रासाद पुष्कळ शिल्पी मिळून उभारतात. शहापूर-वडगावच्या विणकरांची साडी पाहा. सूत रंगविणारा वेगळा, ताणा करणारा वेगळा, मागावर बसणारा वेगळा; साडी मात्र एक. एकसूत्रीपणावरून एकच कर्ता ठरत नाही. पुढे पाच शतकांनी स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने जहाज बांधणाऱ्यांचा दाखला घेऊन जवळजवळ हाच मुद्दा मांडला; त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली प्रसिद्ध झाला. एकमेकांस न जाणणारी ही माणसे एकाच ठिकाणी पोचली, यावरून प्रश्न पंथाचा नसून विचाराचा आहे हे दिसते.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ आल्यावर सजीवांच्या रचनेतील कौशल्याचा उलगडा योजक न मानताही होऊ लागला. दृश्य विश्वाचा विस्तार सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे आजचे खगोलशास्त्र सांगते. काही लोक त्यात जगत्कर्त्याचा पुरावा पाहतात. परंतु विस्तारास आरंभ असणे आणि त्या आरंभास बुद्धिमान कर्ता असणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्याचबरोबर आपणही प्राचीन ग्रंथांतील भूगोल व खगोल आजच्या शास्त्राच्या नावावर खपवू नये.

हाच काटा आपल्या मालासही

येथे प्रामाणिकपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. उदयनाचार्यांचा दुसरा मुद्दा, जड कर्म फळ कसे देईल हा, अजून उभा आहे. जैन दार्शनिक उत्तर देतात की, कर्म हे पुद्गल आहे व त्याचा परिणाम त्याच्या स्वभावाने होतो. मद्य पिणाऱ्यास झिंग आणण्यासाठी न्यायाधीश लागत नाही. गोदामात ओल शिरली की धान्य कोणाच्या हुकुमावाचून कुजते. हे उत्तर न्यायाधीशाची गरज दूर करते. परंतु या जन्मीचे कृत्य पुढील जन्मी कसे फळते, हे ओल्या धान्याच्या दाखल्याने सिद्ध होत नाही. चार्वाक विचारील, "ईश्वरास ज्या काट्यावर तोललेत त्यावर परलोकही तोला." तो प्रश्न रास्त आहे. आमच्या मते त्यास शिवीने उत्तर देऊ नये. विचाराने द्यावे, आणि जेथे श्रद्धा आहे तेथे ती श्रद्धा आहे असे म्हणावे. अनेकान्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांस इतके औदार्य शोभते.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची आहे. दारी आलेल्या गरजूस पाहून "ज्याचे त्याचे कर्म" म्हणत गादीवर लोळणे हा कर्मसिद्धान्त नव्हे, तो सिद्धान्ताच्या आड लपलेला कंजूषपणा होय. भुकेल्यास घास घालणारा आकाशात कोणी नसेल, तर आपली जबाबदारी कमी होत नाही. उलट ती सगळीच आपल्यावर येते. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने माणसानेच करावयाची आहेत.

मग पूजा कशासाठी?

काही दिले जात नाही तर मंदिरात जावे कशाला, असे मुले विचारतील. समंतभद्राचार्यांनी स्वयंभूस्तोत्रात याचे उत्तर दिले आहे : वीतराग पूजेने प्रसन्न होत नाही व निंदेने रागावत नाही, परंतु त्याच्या गुणांचे स्मरण पूजकाचे चित्त शुद्ध करते. ज्यास काही मागता येत नाही अशापुढे उभे राहणे सोपे नाही. आपल्यापैकी किती जण दुकानाच्या भरभराटीसाठी अभिषेक बोलतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. मागणी घेऊन गेलेला मनुष्य मंदिरातही गिऱ्हाईकच असतो.

आता अगदी पहिल्या प्रश्नाचे उत्तर. कर्ता नसेल तर हिशेब कोणापाशी द्यावयाचा? तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यापार करणे, खोटी मापे ठेवणे आणि भेसळ करणे. ही यादी जणू बाजारपेठेत बसूनच तयार केली आहे. या दोषांची माफी देणारा वरिष्ठ अधिकारी जैन दर्शनाने कोठेही नेमलेला नाही. क्षमावणीच्या दिवशी आपण क्षमा मागतो ती जीवांपाशी, ज्यांस दुखविले त्यांच्यापाशी. ज्या गिऱ्हाइकास माल कमी तोलला गेला, त्याची भरपाई मंदिराच्या दानपेटीत टाकून होत नाही. त्याचे त्यासच परत करावे लागते.

ईश्वरकर्तृत्वाच्या खंडनाचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. ते केवळ वादात जिंकण्याचे साधन असते, तर एवढ्या आचार्यांनी त्यावर आयुष्य वेचले नसते. ज्या वहीवर दुसऱ्या कोणाची सही चालत नाही, ती वही रोजच्या रोज लिहावी आणि स्वच्छ ठेवावी, एवढेच त्यांनी सांगितले. आमच्या सभासद बंधुभगिनींनी या विषयावर घरी मुलांशी बोलावे, त्यांच्या शंका ऐकाव्या, आणि उत्तर येत नसेल तेथे त्यांच्याबरोबर बसून ग्रंथ उघडावा, अशी आमची विनंती आहे.