चित्राची पाठ

तंजावर चित्र ऑनलाइन लिलावात काढणारा माणूस फोटो भरपूर टाकतो आणि सगळे समोरून. कृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा जवळून, मुकुटातले खडे आणखी जवळून, महिरपीवरचं सोनं तिरप्या उजेडात. पाठीचा फोटो नसतो. विकत घेणाराही मागत नाही, कारण भिंतीवर लागल्यावर पाठ दिसणार कोणाला?

पुण्यातल्या माझ्या एका मित्राने घेतलेल्या नवनीत कृष्णाची गत हीच होती. वर्णन मात्र भरघोस: ‘अंदाजे 1890. चेट्टिनाडमधल्या जुन्या वाड्यातून. मूळ फ्रेम, आजवर कधीही न उघडलेली.’ बोली बारा हजारांना सुरू झाली, शेवटच्या घटकेला कोणा एकाशी चुरस लागली आणि एक्केचाळीस हजारांवर लिलाव तुटला. मग विक्रेत्याचा वेगळा निरोप आला: साइटवरून पैसे भरू नका, कमिशन जातं, थेट यूपीआय करा, चार हजार कमी घेतो. मित्राने केलं. चित्र आलं, तेही नीट बांधून. आठ-दहा दिवसांनी त्याच साइटवर दुसऱ्याच नावाच्या खात्यावर त्याला आणखी एक नवनीत कृष्ण दिसला: तोच वाडा, तीच न उघडलेली फ्रेम. मी तंजावरला निघाले आहे कळताच त्याने चित्र चादरीत गुंडाळून माझ्या हवाली केलं. ‘नुसतं दाखवून आण गं,’ म्हणाला.

तंजावरात चित्रकारांची घरं म्हणजेच कारखाने. मी गेले तिथे पुढच्या खोलीत तिघं-चौघं जमिनीवर मांडी घालून, समोर फळी आडवी ठेवून बसली होती. मला तमिळ जेमतेम, म्हणून तंजावरातच जन्मलेले एक मराठी काका सोबत आले होते. त्यांचे पूर्वज सरफोजीराजांच्या काळापासून तिथले. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हीकडे सारख्याच वेगाने.

तंजावर चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम’ म्हणतात, फळीवरचं चित्र. पूर्वी ही फळी फणसाच्या लाकडाची असे. आता सगळीकडे प्लायवूड. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि डिंक कालवून थरावर थर द्यायचे, वाळले की घासून गुळगुळीत करायचे. त्यावर रेखाटन. मग खडे बसवायचे. त्यानंतर खडू-डिंकाचाच घट्ट लगदा ब्रशने थेंब थेंब टाकत दागिने, खांब, महिरप उठावाने उभी करायची. खोलीतली एक मुलगी हेच करत होती. तिच्या ब्रशाला जेमतेम चार केस असावेत. मोत्यांच्या सरातला एकेक मोती ती टेकवायची, ब्रश उचलायची, पुन्हा टेकवायची. सर सरळ आला नाही तर नखाने खरवडून पुन्हा. उठाव वाळला की त्यावर सोन्याचा पातळ पत्रा. तो बावीस कॅरटचा असेल तर पिढ्यान्‌पिढ्या काळा पडत नाही. पत्रा डिंकावर ठेवायचा आणि बोथट काडीने खाचाखाचांतून दाबत न्यायचा. रंग सगळ्यात शेवटी, आणि त्यातही चेहरा सगळ्यांच्या मागून.

हा क्रम सांगण्याचं कारण आहे. सोन्यानंतर रंग येतो, म्हणून हाताने केलेल्या चित्रात रंगाची कड जागोजाग सोन्यावर किंचित चढलेली असते. छापील चित्रावर पत्रा डकवून केलेला स्वस्त माल असतो त्यात उलटं: पत्रा छपाईवर बसतो, आणि भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांत फुटतो. एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी निम्मा बाजार फोटोतच गाळता येतो.

मित्राचं चित्र छापील नव्हतं. चित्रकारांनी ते हातात घेतलं, समोरून क्षणभर पाहिलं आणि पालथं घातलं. कृष्णाकडे नंतर त्यांनी बराच वेळ बघितलंच नाही.

पाठीवर पातळ फळी चार स्क्रूंनी आवळलेली. स्क्रू स्टारचे. या खाचेचे स्क्रू जगाच्या बाजारात आले तेच 1930 नंतर. कोपऱ्यात फ्रेमवाल्या दुकानाची पिवळी पडलेली चिठ्ठी होती, मद्रासचा पत्ता, खाली सहा आकडी पिनकोड. काका चिठ्ठी वाचता वाचता हसायला लागले. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. फ्रेम मागाहून बदलली असती तर यात काहीच वावगं नव्हतं. जुन्या चित्रांच्या फ्रेमा बदलतातच. पण विक्रेत्याने ‘कधीही न उघडलेली’ असं लिहून स्वतःलाच बांधून घेतलं होतं.

फ्रेम उघडली. फळीच्या कडेला प्लायचे थर स्वच्छ दिसत होते. तरी चित्रकार थांबले नाहीत. त्यांना काहीतरी वेगळंच पाहायचं होतं, आणि ते मला सुचलं नसतं. फ्रेमच्या ओठाखाली चित्राची बोटभर पट्टी झाकलेली असते. समईची काजळी, धुपाचा धूर, शंभर वर्षांची धूळ तिथे पोचत नाही. जुन्या चित्राची फ्रेम काढली की ती पट्टी उरलेल्या चित्रापेक्षा उजळ निघते. इथे ती पट्टी मधल्या भागाइतकीच तपकिरी होती. त्यांनी कापसाचा बोळा थुंकीने ओला करून कडेवर फिरवला. बोळा लगेच तांबूस झाला.

‘टी,’ ते म्हणाले. हा शब्द काकांनी भाषांतरित केला नाही.

मग त्यांनी भिंग घेतलं आणि महिरपीच्या खोल खाचेत पत्र्याचा हिरवट डाग दाखवला. सोनं हिरवं पडत नाही, पितळ पडतं. आणि एवढं झाल्यावर त्यांनी चित्र पहिल्यांदा नीट समोरून पाहिलं. काकांनी त्यांचं म्हणणं मला सांगितलं ते असं: हात शिकलेला आहे, डोळे चांगले काढलेत, नवं म्हणून विकलं असतं तर सात-आठ हजारांना सहज गेलं असतं. चांगल्या रंगावर चहा कशाला ओतला?

मला हे फार नेमकं वाटलं. चित्रात लबाडी नव्हती. कोणीतरी मांडी घालून, थेंब थेंब टाकून केलेलं ते खरं तंजावर चित्र होतं. लबाडी वर्णनाच्या चार ओळींत होती, आणि वरचे तीस हजार त्या ओळींचे होते. चित्रकारांनी मग स्वतःचा फोन काढून दाखवला. त्यांनीच गिऱ्हाइकाला पाठवलेल्या एका ताज्या गजलक्ष्मीचा फोटो कुठल्याशा साइटवर ‘दुर्मीळ, पुरातन’ म्हणून झळकत होता. चित्र त्यांच्या मागच्या भिंतीला टेकलेलं होतं, अजून न विकलेलं.

तिथून तंजावरचा राजवाडा आणि त्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर. वर्णनाच्या ओळींनी कुठवर मजल मारता येते याचा मोठा दाखला याच वास्तूतला आहे. सरफोजी दुसरे आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांचं एक जोडचित्र, साधारण 1822 ते 1827 दरम्यानचं. ते 2006 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पीबॉडी एसेक्स म्युझियमने न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून 35,000 डॉलरला घेतलं. चित्र अस्सल होतं. त्याच्यासोबतचा पूर्वीच्या मालकीचा कागद बनावट होता. कपूरला 2011 मध्ये जर्मनीत पकडलं, पुढच्या वर्षी भारतात आणलं. म्युझियमने 2015 मध्ये चित्र आपणहून अमेरिकी अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं. ते सरस्वती महालातून चोरीला गेलेलं चित्र, असं तामिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरीविरोधी शाखेने नंतर सांगितलं. मंदिरातल्या मूर्ती पळवल्याच्या दुसऱ्या एका खटल्यात कपूरला 1 नोव्हेंबर 2022 रोजी दहा वर्षांची शिक्षा झाली, तीही इथून जवळच, कुंभकोणमच्या न्यायालयात.

जिथे तज्ज्ञ नेमलेलं म्युझियम फसलं, तिथे माझ्या मित्राची काय कथा. त्याला जाऊन हेच सांगितलं, तर त्याचं काही समाधान झालं नाही.

त्याचा भाचा पोकेमॉनची आणि क्रिकेटची कार्डं जमवतो. त्याला हा सगळा प्रकार मामापेक्षा लवकर कळला. कार्डांच्या बाजारात भिंगाखाली छपाईचे ठिपके बघणं, नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखाली कागद चमकतो का बघणं, मागची बाजू मागणं हे पोरं रोज करतात. जुना कागद त्या उजेडात मंद राहतो; साधारण 1950 नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर पेटतं. मित्राच्या चित्रावरची ती पिवळी चिठ्ठी त्याने टॉर्चखाली धरली. पिवळेपणाच्या आडून ती ट्यूबलाइटसारखी उजळली.

शेवटच्या घटकेला चुरस करणारा तो ‘कोणी एक’ कोण, हेही भाच्यानेच काढलं. त्या खात्याचा इतिहास उघडला तर त्याने बोली लावली होती ती याच विक्रेत्याच्या मालावर, आणि जिंकलं होतं जवळपास काहीच नाही. घरचाच माणूस बसवून भाव चढवण्याची ही युक्ती अमेरिकेत कार्डांच्या बड्या लिलावघरांतही चालली. बिल मॅस्ट्रो या प्रसिद्ध लिलाववाल्याने खोट्या बोल्या लावल्याचं 2013 मध्ये कोर्टात कबूल केलं आणि 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली. त्याच कबुलीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं ते जगप्रसिद्ध कार्ड, जे पुढे 2007 मध्ये 28 लाख डॉलरला गेलं, त्याच्या कडा मॅस्ट्रोनेच कापून सरळ केल्या होत्या. आणि दर्जा ठरवणाऱ्या नामांकित कंपनीने तपासलेलं अगदी पहिलं कार्ड म्हणजे हेच. तेव्हा ‘सर्टिफिकेटसह’ हा शब्द वाचून हुरळून जायचं कारण नाही. कोणाचं सर्टिफिकेट, आणि ते देणाऱ्याने वस्तू हातात घेतली होती का, हे दोन प्रश्न उरतातच.

राहिली तक्रार. साइटने हात वर केले: पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, संरक्षण लागू नाही. ‘कमिशन वाचवा’ या निरोपाचा खरा हेतू तोच होता. 1930 या सायबर हेल्पलाइनला मित्राने फोन केला, पण मी परत आल्यावर, म्हणजे पैसे जाऊन बरेच दिवस झाल्यावर. हा नंबर पहिल्या काही तासांत लावला तर बँका पुढच्या खात्यांत रक्कम अडवू शकतात. उशिरा लावला तर तक्रारीचा क्रमांक तेवढा मिळतो. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच राज्यातल्या, बहुधा खातं भाड्याने देऊन मोकळ्या झालेल्या कोणाचं होतं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे तक्रारदाराला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. साइटलाही त्यात ओढता येईल असं मित्राच्या वकिलीणबाईंचं मत पडलं. कागद तयार होत आहेत.

त्यांनीच मित्राला आणखी एक गोष्ट ऐकवली. चित्र खरोखर 1890 चं निघालं असतं तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली ते शंभर वर्षांपुढचं, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याकडे त्याची नोंदणी करावी लागली असती. असा माल विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे विक्रेत्याकडे परवाना कुठे आहे, नोंदणी कोणाच्या नावावर होती, हे प्रश्न बोली लावण्याआधीच विचारायचे होते. एवढ्यानेच तो गायब झाला असता. मित्राने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

तंजावरच्या चित्रकारांनी फ्रेम तेच चार स्क्रू लावून पुन्हा बंद करून दिली होती, चिठ्ठीसकट. चित्र आता पुरावा आहे. मित्राच्या आईला त्याच्याशी कर्तव्य नाही. कृष्ण घरात आलाय तर कपाटात कोंडून का ठेवायचा, असं म्हणून त्यांनी तो देवघराशेजारी टेकवला आणि पहिल्याच दिवशी काचेला गंधाचं बोट लावलं. वकिलीणबाईंनी निकाल लागेपर्यंत बोट नको असं कळवलं आहे. फुलाला मात्र हरकत घेतलेली नाही.