विश्लेषण : घरच्या सर्व्हरवरचा व्हिडीओ का अडखळतो? दोष इंटरनेटचा की घरातल्याच जोडणीचा?

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रण, आजोबांच्या आवाजातील ध्वनिफिती, मुलांचे वाढदिवस, विकत घेतलेल्या डीव्हीडी... हे सारे एका हार्ड डिस्कवर ठेवून टीव्ही-मोबाइलवर पाहण्यासाठी अनेक जण घरातच छोटा मीडिया सर्व्हर उभारतात. जेलीफिन किंवा प्लेक्स हे सॉफ्टवेअर आणि एखादा जुना लॅपटॉप एवढ्यावर काम भागते. पण काही दिवसांतच तक्रारी सुरू होतात. चित्र मध्येच थांबते, सर्व्हर ‘सापडत नाही’ किंवा परदेशातल्या मुलीला काहीच दिसत नाही. मग नवा राउटर किंवा महागडा प्लॅन घेतला जातो आणि अडचण तशीच राहते.

इंटरनेटचा वेग वाढवून उपयोग होतो का?

घरातल्या घरात पाहताना बहुधा नाही. सर्व्हर आणि टीव्ही एकाच राउटरला जोडलेले असतील, तर व्हिडीओ घराबाहेर जातच नाही. तो सर्व्हरकडून राउटरकडे आणि तेथून टीव्हीकडे जातो. त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये ३०० एमबीपीएस दिसले तरी त्यावरून या प्रवासाबद्दल काहीच कळत नाही. बाहेरगावी बसून पाहायचे असेल तेव्हा मात्र इंटरनेटचा संबंध येतो. तेव्हाही घरच्या जोडणीचा ‘डाउनलोड’ नव्हे, तर ‘अपलोड’ वेग महत्त्वाचा ठरतो.

तपासणी कोठून सुरू करावी?

सर्व्हरपासून सुरुवात करून एकेक पायरी बाहेर जावे. प्रथम सर्व्हर असलेल्या संगणकाच्याच ब्राउझरमध्ये व्हिडीओ चालवून पाहावा. जेलीफिनचा नेहमीचा पोर्ट ८०९६, तर प्लेक्सचा ३२४०० असतो. तेथेच चालत नसेल तर दोष नेटवर्कचा नाही. तेथे चालतो, पण त्याच वाय-फायवरील मोबाइलवर दिसत नाही, अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. मोबाइल ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का? विंडोजने घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ समजून फायरवॉलने वाट अडवली आहे का? आणि सर्व्हरचा पत्ता बदलला आहे का?

यातला तिसरा दोष हमखास आढळतो. राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता आयपी पत्ता देतो. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. टीव्ही मात्र जुन्याच पत्त्यावर सर्व्हरला शोधत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ करून सर्व्हरला कायमचा एकच पत्ता दिला की हा प्रश्न मिटतो.

सर्व्हर सापडतो, तरी चित्र का थांबते?

पहिला संशयित वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींपलीकडे दूर पोहोचते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर याच जागेसाठी झटतात. टीव्ही जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडावे. सर्व्हर मात्र शक्यतो केबलनेच राउटरला जोडावा.

दुसरा संशयित ती केबलच. गिगाबिट वेगासाठी केबलमधल्या आठही तारा जुळाव्या लागतात. एखादी तार तुटली की जोडणी मुकाट्याने १०० एमबीपीएसवर येते. अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचाच असतो. फोर-के ब्लू-रे चित्रपटाचा प्रवाह मात्र कमाल १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. म्हणून असे मोठे व्हिडीओ टीव्हीवर केबलपेक्षा चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर अधिक सुरळीत चालू शकतात. दोन उपकरणांमधला खरा वेग ‘आयपर्फ३’ या मोफत साधनाने मोजता येतो.

तिसरा संशयित नेटवर्कचा नाहीच. टीव्हीला व्हिडीओचा प्रकार समजत नसेल, तर सर्व्हर तो चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलतो. याला ‘ट्रान्सकोडिंग’ म्हणतात. जुन्या लॅपटॉपची त्यात दमछाक होते. चित्ररूपातली सबटायटल सुरू केली तरी असे होऊ शकते. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ‘डायरेक्ट प्ले’ की ‘ट्रान्सकोड’, हे दिसते. ट्रान्सकोड दिसत असेल तर राउटर बदलून फरक पडणार नाही. त्याऐवजी फाइल आधीच एच.२६४ प्रकारात करून ठेवावी किंवा सर्व्हरमध्ये हार्डवेअर अॅक्सलरेशन सुरू करावे.

घराबाहेरून का दिसत नाही?

आयपीव्ही४ पद्धतीत जगभरात मिळून पत्ते सुमारे ४३० कोटीच. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. याला ‘सीजी-नॅट’ म्हणतात. सोसायटीच्या गेटचा पत्ता माहीत आहे, पण फ्लॅट क्रमांक नाही, अशी बाहेरून येणाऱ्याची गत होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावरील ‘वॅन’ पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरील आयपीव्ही४ पत्ता वेगळे असतील आणि पहिला १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर आपण सीजी-नॅटमागे आहोत. तेव्हा ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही. वॅन पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर आहेत. त्यातला एक ‘ब्रिज’ किंवा ‘अॅक्सेस पॉइंट’ पद्धतीत टाकावा.

मग मार्ग कोणता?

कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घेणे हा एक मार्ग. त्यासाठी सहसा वेगळे शुल्क पडते. दुसरा मार्ग टेलस्केलसारख्या खासगी जाळ्याचा. त्यात घरचा सर्व्हर आणि बाहेरचा मोबाइल दोघेही आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजी-नॅटचा अडसर उरत नाही. थेट वाट न मिळाल्यास प्रवाह मधल्या सर्व्हरवरून जातो आणि वेग घटतो, एवढेच. प्लेक्सने २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून व्हिडीओ पाहण्यासाठी शुल्क लागू केले आहे. जेलीफिन पूर्णतः मोफत आहे.

पोर्ट उघडण्यात धोका काय?

उघडा पोर्ट फक्त मुलीलाच नव्हे, तर साऱ्या जगाला दिसतो. घरचा सर्व्हर किती महागात पडू शकतो, हे २०२२ मधील लास्टपास प्रकरणात दिसले. या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याच्या घरच्या संगणकात हल्लेखोर मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून शिरले. ते सॉफ्टवेअर प्लेक्स होते आणि त्या त्रुटीवरची दुरुस्ती मे २०२० मध्येच आली होती. अभियंत्याने ती घेतली नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, प्रत्येकाला वेगळा आणि भक्कम पासवर्ड देणे आणि पोर्ट उघडण्याऐवजी खासगी जाळे वापरणे, हेच शहाणपणाचे. आणि सेटिंगशी खेळण्यापूर्वी आजोबांच्या ध्वनिफितींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. राउटर पुन्हा विकत घेता येतो, आजोबांचा आवाज नाही.