रात्रीची दवंडी

'झोपेचे खोबरे होणे' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीदार वाक्प्रचार. पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घराला त्यातली गंमत विचारू नये. दहाला अंथरुणावर घातलेले मूल रात्री दोन वाजता टक्क जागे असते. खोलीभर येरझारा घालते, आपल्याशीच हसते, कधी किंचाळते. वडिलांना सकाळच्या गाडीची काळजी, आई मुलाच्या मागे, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारीणबाई म्हणतात, "अहो, तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला!" निम्म्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेची तक्रार असते, हे बाईंच्या गावीही नसते.

आईला दोष देण्याची ही खोड जुनीच. १९४३ साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत लिहून ही अवस्था जगापुढे मांडली. त्यानंतर कित्येक वर्षे भलेभले पंडितही आईच्या कोरड्या मायेवर खापर फोडीत राहिले. ते मत शास्त्राने केव्हाच मोडीत काढले आहे. मग हे मूल झोपत का नाही?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच विद्वानाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसूनही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे घड्याळ आभाळात नव्हते, रोपाच्या अंगात होते! आपल्याही मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या चौकावर, सुमारे वीस हजार पेशींचे असे घड्याळ आहे. उजेड पाहून ते रोज आपली वेळ लावून घेते. रात्र पडली की त्याच्या हुकमाने पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा स्राव रक्तात सोडते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी १९५८ साली तो वेगळा काढला. गृहस्थ शोधीत होते कातडीचा रंग; हाती लागली रात्र!

मेलॅटोनिन म्हणजे गुंगीचे औषध नव्हे. ती रात्र झाल्याची दवंडी आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये ही दवंडी क्षीण असल्याचे आढळले आहे. हा स्राव तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर जे द्रव्य काम करते, तेच काहींच्यात दुबळे असते, असे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २००८ साली दाखवले. दवंडी पिटणाराच अशक्त, तर गावाने झोपावे कसे?

अर्थात सर्वांचे कारण हेच नव्हे. कोणाला पंख्याची घरघर सोसत नाही, कोणाला चादरीचा खरखरीत स्पर्श. कोणाला बद्धकोष्ठ असते, कोणाला फिट येतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी हवी. घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. सकाळी मुलाला उजेडात न्यावे. संध्याकाळनंतर दिवे मंद करावेत, मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद ठेवावेत. आंघोळ, दूध, गोष्ट, अंथरूण असा क्रम चित्रे काढून भिंतीवर लावावा. पुढे काय होणार हे कळले, की या मुलांचा जीव भांड्यात पडतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर डॉक्टर मेलॅटोनिन देतात आणि कित्येक मुलांना त्याने लवकर झोप लागते. मात्र दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. कॅनडात २०१७ साली अशा ३१ उत्पादनांची तपासणी झाली. कुठे वेष्टनावरील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर कुठे ४७८ टक्के जास्त औषध निघाले!

राहिली दिवाळी. रोषणाई आणि पहाटेचे फटाके यांनी आपली एक झोप मोडते. या मुलांची बसलेली घडी कित्येक दिवसांसाठी विस्कटते. शेजारी असे मूल असेल, तर फटाके दूर मैदानात नेऊन वाजवावेत. आणि फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा त्या माउलीला एवढेच म्हणावे, "दुपारी दोन तास मी बसते याच्यापाशी, तुम्ही जरा पडा."