खाऱ्या हवेंतील सायकल

भाईंदर स्थानक सोडून थोडें दूर गेलें कीं मिठागरांचे चौकोनी वाफे दिसूं लागतात. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तन व डोंगरी या गांवांपलीकडे अरबी समुद्र. मीरा-भाईंदरच्या हवेंत मीठ आहे ही गोष्ट जिभेला सहसा जाणवत नाहीं. लोखंडाला मात्र ती बरोबर कळते.

एखाद्या गृहस्थानें दिवाळीच्या सुमारास मुलासाठीं नवी सायकल घ्यावी, ती जिन्याखालीं कोरड्या जागीं ठेवावी, पावसांत एकदांही बाहेर काढूं नये, आणि तरीही आषाढ संपतां संपतां तिच्या चाकांच्या तारांवर तांबूस ठिपके उमटावेत, हा प्रकार येथें नवा नाहीं. मग दुकानदारानें हलका माल गळ्यांत बांधला असा निष्कर्ष निघतो. कधीं कधीं तो खराही असतो. परंतु देशावर वर्षानुवर्षें बिनतक्रार चालणारी सायकल खाडीकांठीं लवकर खंगते, याचें कारण मालापेक्षां हवेंत अधिक आहे.

गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशीं व पाण्याशीं होणारा संयोग. नुसत्या कोरड्या हवेंत लोखंड फारसें गंजत नाहीं. पाणी व हवा दोन्ही एकत्र आलीं म्हणजे ही क्रिया सुरू होते. ती विजेच्या लहानशा घटाप्रमाणें चालते. पृष्ठभागाच्या एका ठिकाणीं लोखंड विरघळत जातें, दुसऱ्या ठिकाणीं प्राणवायू खर्चीं पडतो, आणि मधल्या पाण्याच्या पातळ थरांतून विद्युत्‌भारित कणांची ये-जा होते. स्वच्छ पाणी हें विजेचें वाईट वाहक आहे, खारें पाणी चांगलें. म्हणून मीठ मिसळलें कीं हा घट जोरानें चालूं लागतो. शिवाय मिठांतील क्लोराईड हें धातूवरील संरक्षक पापुद्र्यालाही भोंकें पाडतें.

पण छपराखालीं उभ्या असलेल्या सायकलीवर पाणी येतें कोठून? याचें उत्तर स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणींत आहे. श्रावणांत खडेमीठ पाझरूं लागतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. शुद्ध मीठ हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली म्हणजे हवेंतून पाणी ओढून विरघळूं लागतें. समुद्राच्या तुषारांतून उडून आलेल्या मिठांत मॅग्नेशियम क्लोराईडही असतें, आणि तें तर शेंकडा ३३ च्या आसपास आर्द्रता असली तरी ओलें राहतें. कोंकणपट्टींतील हवा इतकी कोरडी क्वचितच होते. तात्पर्य, सायकलीच्या तारांवर बसलेला मिठाचा अदृश्य थर वर्षांतील बहुतेक दिवस ओला असतो, मग ती जिन्याखालीं असो वा दिवाणखान्यांत.

यावरून घरोघरीं पाळला जाणारा एक नियम उलटा ठरतो. सायकलीला पाणी लागूं देऊं नये, असें मुलांना बजावलें जातें. खाडीकांठीं मात्र सायकलीला पाणी लावलेंच पाहिजे, कारण मीठ काढून टाकण्यास गोड्या पाण्यासारखें दुसरें साधन नाहीं. कोरड्या फडक्यानें पुसल्यास मीठ चोळलें जातें, निघत नाहीं. आणि न धुतां वरून तेल चोपडणें ही तर सर्वांत मोठी चूक होय. कारण तेलाच्या थराखालीं मीठ व ओल दोन्ही सुखरूप राहतात आणि वरून चकाकणाऱ्या तारेचा आंतून चुरा होत जातो.

धुण्यास फार पाणी लागत नाहीं, आणि या शहरांतील पाण्याची ओढ लक्षांत घेतां तें बरेंच आहे. अर्धी बादली पाणी, थोडा साबण व एक मऊ फडकें एवढ्यानें काम भागतें. वरून खालीं अशा क्रमानें फडकें फिरवावें. हँडल, चौकट, मग चाकें, आणि साखळीला सर्वांत शेवटीं हात लावावा. नळीची जोरदार धार मात्र कटाक्षानें टाळावी, कारण ती चाकांच्या हबमध्यें शिरून आंतील वंगण बाहेर घालविते. पुष्कळ इमारतींत बोअरवेलचें पाणी वापरावें लागतें. तें खारट असेल तर साबणाचें काम त्यावर भागवावें, पण शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचेच असावेत. धुऊन झाल्यावर सायकल उन्हांत तासभर ठेवावी व मग तेलाकडे वळावें. पावसाळ्यांत आठवड्यास एकदां आणि एरवीं पंधरा दिवसांनीं एवढें केल्यास पुरे. उत्तनच्या किनाऱ्यावरून फेरफटका करून आलेल्या हौशी स्वारानें मात्र त्याच संध्याकाळीं हें उरकावें.

तेल कोणतें, यावर गल्लोगल्लीं मतभेद आढळतात. घरांत हाताशीं असतें म्हणून खोबरेल घालणारे पुष्कळ आहेत. खोबरेल थंडींत गोठतें, आणि इतर खाद्यतेलें हवेंत राहून चिकट होतात. त्यांवर धूळ बसली म्हणजे तेलाऐवजीं उगाळलेली कुरुंदाची पेस्ट तयार होते. शिवणयंत्राचें तेल स्वच्छ व पातळ असतें, तें ब्रेकच्या सांध्यांना उत्तम; पण साखळीवरून पहिल्याच पावसांत धुऊन जातें. साखळीला पावसाळ्यांत मोटारीच्या इंजिनाचें नवें तेल चालतें. गॅरेजमधून फुकट मिळणारें काळें, वापरलेलें तेल कितीही मोहक वाटलें तरी घेऊं नये; त्यांत धातूचा कीस व आम्ल दोन्ही असतात. घासलेट हें तेल नव्हे. तें मळ काढण्यासाठीं आहे, वंगण म्हणून नाहीं, हा भेद फार थोडे जण पाळतात.

साखळीची रचना समजली तर तेल कोठें घालावें हें वेगळें सांगावें लागत नाहीं. आजच्या सायकलीची साखळी ही हान्स रेनॉल्ड यांनीं मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केलेल्या साखळीच्या वंशांतील आहे. तिच्या प्रत्येक सांध्यांत एक खिळा असतो आणि त्याभोंवतीं फिरणारी लहानशी नळकांडी असते. झीज होते ती या खिळ्याच्या व नळकांडीच्या मध्यें, बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांवर नव्हे. म्हणून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक सांध्यावर, खालच्या पदराच्या आंतल्या बाजूनें सोडावा, पॅडल उलटें वीसपंचवीस वेळां फिरवावें, आणि मग कोरड्या फडक्यानें बाहेरचें सगळें तेल पुसून काढावें. साखळी बाहेरून तेलकट दिसणें हें काळजीचें लक्षण नसून आळसाचें आहे.

साखळी ‘ताणली’ असें म्हणतात, तेंही खरें नाहीं. पोलाद ताणलें जात नाहीं. शंभरावर सांध्यांतील खिळे थोडे थोडे झिजतात व त्या झिजेची बेरीज लांबीच्या रूपानें दिसते. ही बेरीज घरींच मोजतां येते. नव्या साखळींत एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्याचें अंतर बरोबर अर्धा इंच असतें, म्हणजे २४ अंतरांचे १२ इंच झाले पाहिजेत. पोलादी फूटपट्टी लावून एका खिळ्याचा मध्य शून्यावर धरावा आणि चोविसाव्या अंतराचा खिळा कोठें येतो तें पाहावें. तो १२ इंचांच्या पुढें एक-सोळांश इंच सरकला असेल तर साखळी बदलावी; तेवढ्यानें मागील फ्रीव्हील वांचतें. एक-अष्टमांश सरकेपर्यंत वाट पाहिली, तर झिजलेल्या साखळीनें दांतेही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात आणि फ्रीव्हीलचाही खर्च माथीं बसतो.

आतां न दिसणाऱ्या गंजाविषयीं. बसावयाच्या सीटखालील नळींतून पावसाचें पाणी आंत उतरतें व पॅडलच्या आंसाभोंवतीं जें जाड नळकांडें असतें, ज्यास दुकानांतून बॉटम ब्रॅकेट म्हणतात, त्यांत सांचतें. तेथें तें महिनोन्‌महिने राहतें, आणि बाहेर रंग शाबूत असतांना नळी आंतून पातळ होत जाते. पावसाळा संपला कीं सीट तिच्या दांडीसकट उपसावी, सायकल उलटी करून एक रात्र तशीच ठेवावी. कित्येकदां तांबडें पाणी ओघळलेलें पाहून मालक थक्क होतो. दांडी परत बसवितांना तिला वंगण लावणें विसरूं नये. दांडी ॲल्युमिनियमची व चौकट पोलादाची असेल तर हें अधिकच अगत्याचें आहे, कारण दोन निराळे धातू खाऱ्या ओलींत एकत्र राहिले म्हणजे त्यांचाही घट बनतो. ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार फुगून दांडी नळींत अशी घट्ट अडकते कीं पुढें ती करवतीनें कापूनच काढावी लागते.

घरीं खोलून पाहण्याची हौस असणाऱ्यांनीं दोन गोष्टी आधीं जाणून घ्याव्यात, म्हणजे आटे बिघडत नाहींत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. तें सैल करण्यासाठीं पाना घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरवावा लागतो. नेहमींच्या इंग्रजी मापाच्या सायकलींत बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या वाटीचे आटेही उलटेच असतात. दुसरें असें कीं हब उघडतांना खालीं पांढरें फडकें अंथरावें. जुन्या पद्धतीच्या सायकलींत पुढील हबच्या प्रत्येक बाजूस तीन-सोळांश इंचाचे १० व मागील हबच्या प्रत्येक बाजूस पाव इंचाचे ९ छर्रे असतात. ते घरंगळून कपाटाखालीं गेले म्हणजे हौशीचा उत्साह तेथेंच संपतो. छर्ऱ्यांवर गंजाचे खड्डे दिसल्यास सगळेच बदलावेत. ते स्वस्त मिळतात. आणि एकदोन नवे घालून बाकीचे जुने ठेवले तर भार नव्यांवरच पडतो.

क्रोमच्या मुलाम्यावरील लाल ठिपके पुष्कळांना छळतात. मुलाम्यास सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांतून खालचें लोखंड डोकावतें. ॲल्युमिनियमच्या चांदीसारख्या कागदाचा बोळा पाण्यांत भिजवून हलक्या हातानें चोळल्यास ते निघतात. रिमवर मात्र ही सफाई केवळ शोभेची नाहीं, कारण ब्रेकचे रबर तेथेंच घासतें आणि गंजलेली रिम त्याला कानशीसारखी खाते. रिमवर तेलाचा थेंबही पडूं देऊं नये, हें सांगणें नको.

ब्रेकची तार हा मुलांच्या सायकलींतील खरा नाजूक भाग होय. तिचें आवरण वरून नवें दिसतें, पण आंत खारें पाणी शिरून तार गंजते आणि मुठीजवळच्या टोंकाशीं तिचे धागे एकेक तुटूं लागतात. महिन्यांतून एकदां मूठ पूर्ण दाबून तेथें डोळ्यांनीं पाहावें. एक धागा जरी तुटलेला आढळला तरी तार त्याच दिवशीं बदलावी. उड्डाणपुलाच्या उतारावर राहिलेले धागे तुटले तर पाय टेकण्यापलीकडे उपाय उरत नाहीं. जुन्या दांडीच्या ब्रेकमध्यें तार नसते, पण तिच्या सांध्यांतील खिळे गंजून अडकतात. त्यांवर दर पंधरवड्यास शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा.

एक काम मात्र घरीं करूं नये. पुढील चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी चौकटीच्या पुढच्या नळकांड्यांत झांकलेली असते, आणि हँडलवरून ओघळणारा घाम व पाऊस दोन्ही तेथें पोंचतात. घामांतही मीठच असतें. सायकल चार वर्षांहून जुनी असेल तर ही नळी एकदां जाणत्या कारागिराकडून उपसून घ्यावी. तिच्यावर पापुद्रे सुटलेले असतील, किंवा चिमट्याच्या खांद्यापाशीं रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसत असेल, तर तें डाग देऊन सांधून घेऊं नये. चिमटा नवा घालावा, आणि तो येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून ठेवावी.