हिरव्या भिंतीने हवा किती सुधारते?

कार्यालयांत आणि घरांत उभारल्या जाणाऱ्या हिरव्या भिंतीत कापडी किंवा प्लॅस्टिकचे कप्पे असतात. त्यांत मनी प्लांट, नेचे अशी कमी उजेडात तगणारी झाडे लावतात आणि ठिबकच्या नळीने पाणी देतात. अशी झाडे घरातली हवा शुद्ध करतात, हा समज पसरला तो मुख्यतः नासाच्या १९८९ मधल्या अहवालामुळे. त्यासाठी नासाचे शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांनी कुंड्या हवाबंद पेट्यांत ठेवून आत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले. चोवीस तासांत त्यांचे प्रमाण बरेच उतरले.

फॉर्माल्डिहाइड नव्या प्लायवूडच्या फर्निचरमधूनही बाहेर पडत असते. पण राहती खोली पेटीसारखी हवाबंद नसते. दारे-खिडक्या आणि फटींतून हवा सतत बदलते, आणि हे वायू झाडांनी शोषण्याआधीच बहुतांशी बाहेर जातात. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग एकत्र तपासले. नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. घरातल्या मंद उजेडात प्रकाशसंश्लेषण जेमतेम चालते.

वुल्व्हर्टन यांच्या अहवालातला महत्त्वाचा भाग मात्र मागे पडला. वायू खाण्याचे बरेचसे काम मुळांजवळचे सूक्ष्मजीव करतात, म्हणून मुळांतून पंख्याने हवा खेचावी आणि मातीसोबत सक्रिय कोळसा वापरावा, असे त्यात सुचवले होते. टोरांटोच्या ग्वेल्फ-हंबर विद्यापीठातली चार मजली भिंत याच तत्त्वावर चालते: इमारतीतली हवा ओल्या मुळांमधून ओढून पुन्हा आत सोडली जाते. पंखा नसलेली भिंत दिसायला तशीच, पण तिच्या मुळांपर्यंत हवा फारशी पोहोचतच नाही.

गारव्याचा लाभ मात्र साध्या भिंतीतूनही मिळतो. पानांतून आणि ओल्या कप्प्यांतून एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या पाऊण युनिटहून थोडी कमी उष्णता शोषली जाते. कूलरचे तत्त्वही हेच. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही ओल सुखावते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तीच ओल नकोशी होते: हवा आधीच दमट असल्याने पाणी नीट उडत नाही, भिंतीवर बुरशी धरते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. तिथे भिंतीमागे हवेला वाट ठेवावी, पाणी कमी करावे आणि पाऊस उघडताच खिडक्या उघडाव्यात.