चमचा मोजा, मग तो मधाचा असो की साखरेचा

मी सायखेड्याहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळे तुमच्यातल्या पुष्कळजणी मला मीटिंगमध्ये भेटतातच. पण आज हप्त्याची गोष्ट नाही की पासबुकाची नाही. आज बोलायचंय मधाबद्दल आणि साखरेबद्दल.

झालं असं, आमच्या एका गटाच्या मीटिंगमध्ये एका वहिनींनी अंतर्गत कर्ज मागितलं. दीड हजार रुपये. कशासाठी, विचारलं तर आधी बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, वजन कमी करायचंय. मधाच्या दोन बाटल्या आणि एक पावडर मिळते. महिन्यात पाच किलो उतरतं म्हणे." त्यांचे गुडघे दुखतात, वजन कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाजूच्या मावशी लगेच म्हणाल्या, "मी तर चहातली साखर बंदच केली. मध घालते. मध कितीही घातला तरी बाधत नाही." आणि मैत्रिणींनो, या मावशींना दोन वर्षांपासून शुगर आहे.

मी त्या दिवशी गप्प बसले, कारण मलाही नक्की माहीत नव्हतं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतला की चरबी वितळते, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मी पण घेतलंय. म्हणून मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं, आणि वजनकाटा घेऊन घरातच हिशेब केला. तो हिशेब आज सांगते.

आधी मध म्हणजे काय ते पाहू. साखर ही उसातली गोडी. ती पोटात गेली की तिचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मधमाशी फुलातला रस आणते, आणि हेच काम ती पोळ्यात आधीच करून ठेवते. म्हणजे मधातही तेच दोन, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. १०० ग्रॅम मधात साधारण ८० ग्रॅम साखरच असते. उरलेलं बहुतेक पाणी. रंग, वास आणि औषधी म्हणतात ते घटक अगदी थोडे.

आता कॅलरी बघू. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. खर्च झाली तर ठीक, नाही झाली तर तिची चरबी होऊन अंगावर बसते. १०० ग्रॅम साखरेत जवळपास ४०० कॅलरी. १०० ग्रॅम मधात ३०० ते ३२०. ऐकून वाटेल, मधच बरा की! पण आपण काही ग्रॅमवर खात नाही, चमच्यावर खातो. मध जड असतो. चहाच्या चमच्यात साखर सपाट भरली तर चार-पाच ग्रॅम बसते, म्हणजे १६ ते २० कॅलरी. त्याच चमच्यात मध सात ग्रॅम बसतो, म्हणजे २१ कॅलरी. शिवाय मधाचा चमचा कधी सपाट नसतो, तो वरून ओघळतच असतो. म्हणजे चमच्याला चमचा धरला तर मध साखरेपेक्षा कमी नाही, झाला तर थोडा जास्तच.

मधाचा एक फायदा मात्र आहे. तो जिभेला जरा जास्त गोड लागतो. जिथे साखरेचा पूर्ण चमचा लागायचा, तिथे मधाचा अर्धा चमचा पुरला, तर तेवढी बचत खरी. पण साखरेच्या जागी तेवढाच मध घातला, किंवा "मध आहे, चालतो" म्हणून दीडपट घातला, तर वजन उतरायचं काही कारण नाही.

आता कुणी म्हणेल, मग आम्ही गूळ घालू. आपला निफाड तालुका उसाचा, गुळाच्या चहाची आपल्याला सवय. पण गूळही उसाच्या रसाचाच. १०० ग्रॅम गुळात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. त्यात थोडं लोह असतं, पण लोह मिळावं म्हणून गुळाचे चमचे वाढवले तर वजनही वाढणार. लोहासाठी पालेभाज्या, कडधान्यं, आणि सिस्टर देतात त्या गोळ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल सल्ला दिला. त्यात साखर, गूळ, मध, पाक, फळांचा रस हे सगळं एकाच खात्यात धरलंय. दिवसभरात या सगळ्यांचं मिळून २५ ग्रॅमच्या आत ठेवलं तर जास्त चांगलं, म्हणजे साधारण सहा सपाट चमचे. मध वेगळ्या वहीत लिहायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

आता आपल्या घरचा हिशेब करू. सकाळचा चहा, दहाचा चहा, दुपारी झोपून उठल्यावर एक, कुणी आलं की एक. कांदे लागणीला किंवा द्राक्षाच्या थिनिंगला गेलो की बांधावर किटली येतेच. चार कप धरा. कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम साखर. १६० कॅलरी. एका मध्यम भाकरीएवढ्या. भाकरी खाल्लेली आपल्या लक्षात राहते, चहातली साखर कुणाच्या लक्षात राहते? आणि ४० ग्रॅम गुणिले ३६५ केलं तर वर्षाला साडेचौदा किलो साखर होते. एका बाईची. नुसत्या चहातून.

मग लिंबू-मधाच्या पाण्याने काहीजणींचं वजन उतरतं ते कसं? ते मी नीट विचारून पाहिलं. ज्यांचं उतरलं, त्यांनी ते पाणी सुरू केल्यावर सकाळचा चहा सोडलेला होता. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट पण सुटले होते, आणि चालायला जाणं सुरू झालं होतं. म्हणजे गुण आला तो सोडलेल्या खारीचा आणि चालण्याचा, नाव मात्र मधाचं झालं. चहा, खारी सगळं तसंच ठेवून वरून मध-पाणी प्यायलं तर ती वरकड साखरच. आणि एक सांगते, मध गरम करू नये, गरम पदार्थातून घेऊ नये, असं आयुर्वेदातच सांगितलेलं आहे. मग उकळत्या चहात मध घालून आपण नेमकं कुणाचं ऐकतो? लिंबू-पाणी प्यायचंय, जरूर प्या. मध न घालता प्या, चिमूटभर जिरेपूड घाला.

आता पैशांचं बघू. रोज सकाळी मधाचे दोन चमचे घेतले तर महिन्याला जवळपास अर्धा किलो मध लागतो. किलोमागे मध साखरेच्या आठ-दहा पट महाग. आपल्या गटाची महिन्याची बचत शंभर रुपये, आणि त्याच्यापेक्षा जास्त पैसे जाणार एका बाटलीत. बरं, बाटलीत मधच असेल याची तरी खात्री आहे का? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचा मध तपासल्याचं जाहीर केलं. बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ आहे, असं संस्थेचं म्हणणं. कंपन्यांनी ते नाकारलं. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून मध पारखतात, त्यावर विसंबू नका, घट्ट पाकही त्यात पास होतो. आणि थंडीत मध रवाळ झाला म्हणजे तो खोटा, असंही नाही. खरा मधही रवाळ होतो.

म्हणजे मध वाईट का? मुळीच नाही. आपल्याकडे कांद्याच्या बियाण्यासाठी डोंगळे लावतात. मधमाशी आली तरच त्यात बी नीट भरतं, म्हणून शेतकरी प्लॉटात मधपेट्या आणून ठेवतात. अशा मेहनतीची वस्तू चमचा-अर्धा चमचा चवीने खावी. खोकला झाला तर मुलाला चमचाभर द्यावी. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटानेही चाटवू नका. बाळंतघरात आजीबाई हौसेने चाटवतात, पण त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.

शुगर असलेल्या मावशींसाठी वेगळं सांगते. मधानेही रक्तातली साखर वाढते. साखरेच्या जागी मध म्हणजे पथ्य नव्हे. पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि अचानक घाम सुटला, हातपाय कापायला लागले, तर साखर कमी झालेली असू शकते. तेव्हा मात्र लगेच तीन-चार चमचे साखर किंवा मध पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि डॉक्टरांना कळवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता वहिनींच्या कर्जाचं काय झालं? गटाने ठरवलं, कर्ज नाकारायचं नाही, एक महिना थांबायचं. त्या महिन्यात आम्ही तीन कामं केली. पहिलं, घरात साखरेचा वेगळा डबा केला आणि महिन्याची साखर त्यात मोजून भरली. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो संपत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम पडते, सात चमचे. दुसरं, कपातला दुसरा चमचा अर्ध्यावर आणला, मग पंधरा दिवसांनी बंद केला. पहिले आठ दिवस चहा घशाखाली उतरत नाही, मग जीभ वळते. तिसरं, शिवणकामाच्या टेपने कंबर मोजली. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली तर सावध व्हायचं. काट्यापेक्षा टेप स्वस्त, आणि प्रत्येक गटात असतोच.

वहिनींनी त्याबरोबर खारी सोडली आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला लागल्या. दोन महिन्यांत वजन दोन किलो उतरलं. पाच नाही, दोन. पण ते टिकलंय, आणि कर्जाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मावशींनी मधाची बाटली देवघरात पंचामृतासाठी ठेवलीय, आणि चहा बिनसाखरेचा घेतात. तोंड वाकडं करतात, पण घेतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच घरी गेल्यावर एक काम करा. साखरेचा डबा उघडा, तो किती दिवसांत संपतो ते वहीत लिहा. आपण रुपयाचा हिशेब ठेवायला शिकलो, तसा चमच्याचाही ठेवू. पुढच्या मीटिंगला वही घेऊन या, आणि हो, तिथला चहा एका चमच्याचाच असेल.